धक्क्यावरच्या नव्या फळ्या

चहाच्या दुकानात बन पोचवायला मिल्ड्रेड निघाली तेव्हा चांगलं लख्ख ऊन होतं. दुकान समुद्रात लांबवर गेलेल्या लाकडी धक्क्याच्या पार टोकाला, नाचघरापाशी. लढाईच्या दिवसांत शत्रू होड्या लावून थेट गावात शिरेल, म्हणून सैन्याने धक्क्याच्या मधल्याच फळ्या उपटल्या होत्या. लढाई संपून वर्षं लोटली, पण ते भगदाड आत्ता कुठे बुजलं होतं.

फळ्या उपटल्या त्याच हिवाळ्यात तिचा नवरा नाहीसा झाला. सिरिल धक्क्यावरच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. तिकीटखिडकीतल्या पोरीला घेऊन पळाला म्हणे! गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? मिल्ड्रेडला ते पटत नव्हतं, पण खोडून काढायला हाती काहीच नव्हतं. तेच तिला आतून कुरतडत होतं.

फाटकापाशी आल्फ सुतार हत्यारं आवरत होता. "बाई, धुकं चढतंय. जपून जा हं."

"डोळे मिटून जाईन रे. जन्म गेला इथे."

अर्ध्या वाटेत धुक्याने किनारा गिळला. ओल्या शेवाळाचा वास आला. मग मागून पावलं... एक टाच जरा घासणारी, सिरिलची घासायची तशी. तिला वळून बघवेना. ती नव्या फळ्यांवर आली. मागची पावलं जुन्या फळीच्या कडेपर्यंत आली आणि तिथेच संपली.

म्हणजे तो पळाला नव्हता. असल्याच धुक्यात, भगदाड विसरून, सवयीच्या पायांनी चालत गेला होता बिचारा. तिला रडू फुटलं, आणि लाज वाटावी इतकं हायसंही वाटलं.

"सिरिल... आता फळ्या घातल्यात. ये."

ठक.

आवाज तिच्या पायांखालून आला. ठक... ठक...

ती टोपली टाकून फाटकाकडे धावली. आल्फला म्हणाली, एक फळी काढ, एकच. लाट आपटत असेल, असं समजावत तो तिच्याबरोबर आला. तोवर धुकं विरलं होतं. ओहोटी लागलेली, खाली नुसती वाळू. आणि सकाळीच ठोकलेले खिळे बोटबोटभर वर आलेले.

आल्फचा चेहरा उतरला. तो खाली बसून ते पुन्हा ठोकू लागला.

"नको रे... तो खाली आहे," मिल्ड्रेड त्याचा दंड धरून विनवत राहिली.

शेवटचा खिळा बसला. आल्फने हातोडा खाली ठेवला. ठोके चालूच राहिले.