दहावीचं गणित आणि शनिवारचा बाजार

त्या माणसाचा आवाज मला आधी लॅपटॉपमधून ऐकू आला, आणि मग कानाशेजारी. दोन्हीकडून एकच आवाज... मी मागं वळले.

पण जरा आधीपासून सांगते. सातारच्या स्टँडमागं एक दुकान आहे. जुनी पुस्तकं, गाइडं, आणि हल्ली पेनड्राइव्हवर भरून ठेवलेले तास. मास्तर एकदा शिकवतो, पोरं घरात बसून हवं तितक्यांदा बघतात. मी नातीसाठी दहावीचं गणित घ्यायला गेले होते. नात म्हणजे संयोगिता. कुस्ती खेळते. सकाळी तालीम, संध्याकाळी तालीम. मधे शाळेत जाऊन बसायचं तर खायचं कधी आणि झोपायचं कधी? म्हणून तिची शाळा घरीच आणि परीक्षा बाहेरून. तिचा बाप, माझा विश्वजीत, फौजेत. सून त्याच्यासंगं क्वार्टरमध्ये. तालीम आटपाडीत, म्हणून नात माझ्याजवळ. आणि मी विजयमाला, शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करते. मालक गेले तेव्हा भावकी म्हणाली, आता दावण मोडा. मी दावण ठेवली आणि भावकीचा चहा बंद केला.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण माल कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. टाय लावलेला एक माणूस घरी आला होता, टॅब आणि तीन वर्षांचं पॅकेज घेऊन. महिन्याला हप्ता. त्याला पाणी पाजून वाटेला लावलं. बोकडाचा भाव ईद झाली की पडतो, तसा शिकवणीचा भाव निकाल लागला की पडतो. ज्यांची पोरं पास झाली ते घरातला पसारा काढायला बसलेले असतात, तेव्हा जावं. मागच्या सालचं मागावं. पुस्तक बदललं नाही ना एवढं विचारावं, बस्स. त्रिकोण काही शेळी नाही सालभरात म्हातारा व्हायला.

दुकानदारानं एक पेनड्राइव्ह लावून दाखवला.

"पयला तास नगं," मी म्हणाले. "सुरवातीला समदेच गोड बोलत्यात. मधला लाव."

त्यानं मधला लावला. फळ्यापुढं पांढऱ्या शर्टातला एक माणूस. आवाज सावकाश, घाई नसलेला. "मग सांगा बघू, उरले किती?" असं म्हणाला, आणि गप्प उभा राहिला. हलेना, बोलेना.

"अडकलं व्हय हे?"

"अडकलेलं नाही," कानाशेजारून तोच आवाज आला. "मुलांना विचार करायला वेळ दिलाय."

मी वळले. शर्ट तसाच पांढरा, केस मात्र आतल्या माणसापेक्षा जास्त पांढरे. हातात कापडी पिशवी. वाईचे अनंत मास्तर. निवृत्त झाल्यावर स्वतःच्याच घरात फळा लावून हे तास भरले होते. दुकानात ठेवलेले पेनड्राइव्ह परत न्यायला आले होते.

"किती खपले?" मी विचारलं.

"तुम्ही घेतलात तर सुरुवात होईल."

असं बोलून हसले. ज्याचा माल खपत नाही त्यानं इतकं बरं हसू नये...

दुकानदार फोन आला म्हणून बाहेर गेला. माल मास्तरांचा, तेव्हा सौदा मास्तरांशी. मी सवयीनं पदर पुढं ओढला आणि पदराखालून हात पुढं केला. आमच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. आकडा फुटला की शेजारचं गिऱ्हाईक शहाणं होतं. टॉवेलाखाली नाहीतर पदराखाली हात घालायचा आणि बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, अख्खा पंजा धरला की पाच. शेकडा का हजार, ते माल बघून कळतं. बाईनं गड्यांच्या हातात हात द्यावा का, म्हणून सुरुवातीला गावानं लय तोंड वाजवलं. मी सांगितलं, बोटाला बाई-बाप्या कळत नाही, आकडा कळतो.

वाईच्या माणसाला यातलं काय ठाऊक? बाई हात पुढं करतेय, तोंडानं काही बोलत नाही... त्यांनी पटकन माझा अख्खा हात धरला. घट्ट.

पाचशे. जास्त होते, पण वाईट नव्हते. मी म्हणाले, "घेतला."

"काय घेतलं? तुम्हाला चक्कर येत नाहीये ना? बसता का? पाणी आणू?"

हात अजून सोडला नव्हता.

"आवं मास्तर, पाच म्हणालासा न्हवं?"

"मी काहीच म्हणालो नाही."

"मग हात का धरलासा?"

"तुम्ही पुढे केलात म्हणून..."

मी त्यांना आमची रीत सांगितली. सांगता सांगता त्यांचे कान लाल होत गेले, आणि मग एकदम हात सोडला, जसं काही तवाच धरला होता.

"मी तर दोनशेच सांगणार होतो," ते हळूच म्हणाले.

"धरलेला पंजा माघारी घेत न्हाईत. बाजारात नाव जातं." पाचशेची नोट काढून ठेवली आणि निघाले. उभ्या जन्मात मी पहिल्यांदा कुणाला मागितल्यापेक्षा जास्त दिले, आणि आटपाडी येईपर्यंत मला त्याचा रागच येईना.

घरी दुपारी संयोगिता तास बघायची आणि मी भाकरी थापायचे. पोरगी तालमीला गेली की घर असं गप्प व्हायचं की दावणीतल्या शेळीचं रवंथ ऐकू यावं. विश्वजीतचा फोन रविवारी. भावकीचा चहा मीच बंद केलेला. बाजारात दिवसभर माणसं असायची, पण ती मालाचं बोलायची, माझं नाही. एक दिवस मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावायला शिकले. कशासाठी, ते स्वतःलाही विचारलं नाही.

मास्तर विचारायचे, "सांगा बघू, किती?" आणि थांबायचे. मी पिठातल्या हातानं म्हणायचे, "बारा." त्यावर मास्तर जरा वेळानं म्हणायचे, "बरोबर." माझं उत्तर काहीही असो, मास्तर म्हणायचे बरोबर. मालक गेल्यापासून मला बरोबर म्हणणारं घरात कुणी राहिलं नव्हतं.

पेनड्राइव्हच्या पाकिटावर मास्तरांचा नंबर होता, अडलं तर विचारा म्हणून. मी फोन लावला.

"मास्तर, ते वर्तुळाचं गणित अडलंय पोरीचं."

"द्या तिला फोन."

"ती तालमीत गेलीया."

"मग... अडलंय कोणाचं?"

"तुमी गणित सांगा. चौकशा नगं."

ते सांगत राहिले. मला त्यातलं निम्मं कळलं, आणि उरलेलं निम्मं कळावं असं काही वाटलं नाही. फोन ठेवताना म्हणाले, "ह्या नंबरवर आलेला हा पहिलाच फोन."

मग आठवड्यात एखादा फोन व्हायचा. नेहमी गणिताचा. कामाशिवाय फोन करायची मला सवय नाही, आणि तसा केला असता तर माझं मलाच हसू आलं असतं. संयोगिता एकदा वही मिटून म्हणाली, "आज्जे, हे गणित मी कवाच सोडवलंय. तू कुणाचं अडलंय म्हणून फोन करतीस?"

"तुझ्या आज्ज्याचं," मी म्हणाले. "उठ, बदाम भिजव."

श्रावणात एकदा ते बोलता बोलता थांबले. "आवाज येतोय का? वाईत जोरात पाऊस आहे."

"आमच्याकडं न्हाई. ढग येत्यात, बघून जात्यात. सासुरवाडीला आल्यागत."

ते हसले. मग म्हणाले, "थांबा," आणि फोन खिडकीपाशी धरला. पत्र्यावर पडणारा पाऊस... कुठंतरी पागोळ्यांखाली बादली भरत असावी. मी तापलेल्या अंगणात उभी राहून दुसऱ्याच्या गावचा पाऊस ऐकत राहिले. शेवटी मीच म्हणाले, "बास झालं. तुमचा फोन भिजंल."

"एक विचारू? मी तासात मधे मधे थांबतो, ते खटकतं का हो? दुकानदार म्हणतो, ती रिकामी जागा कापून टाका, मग खपेल."

"कापू नगासा."

"का?"

"मी उत्तर देते तिथं."

पलीकडं कितीतरी वेळ नुसता पाऊसच. मग मास्तर म्हणाले, "बायको गेल्यावर बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून फळ्याशी बोलायला लागलो. थांबायचो ते वर्गातल्या सवयीनं. तिथं खरंच कोणी उत्तर देत असेल, असं कधी..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या दोघांच्या वयात वाक्य अर्धं ठेवलं तरी पोचतं.

मार्चात परीक्षा झाली. संयोगिता पास झाली, गणितात सगळ्यात जास्त. पुण्याकडच्या कुस्तीच्या केंद्रात तिची निवड झाली, राहायचं तिथंच. मी तिच्या ट्रंकेत तुपाचा डबा ठेवला आणि गाडीत बसवून आले. रडले नाही. घरी आले तर ताटं दोन काढलेली होती, माझ्याच हातानं.

आता गणित अडायला घरात कुणी नव्हतं. फोन हातात घ्यायचे, खाली ठेवायचे. काय सांगू? अडलंय म्हणू? कुणाचं म्हणू? एवढी शेकडो जनावरं मी विकली-घेतली, कुणापुढं जीभ अडखळली नाही. पण "सहज केला" हे दोन शब्द काही तोंडातून निघेनात. टीव्हीतले मास्तर विचारायचे, "किती उरले?" आणि मी म्हणायचे, "एक." ते म्हणायचे, "बरोबर." तेव्हा मी टीव्ही बंद करून टाकला.

तशातच म्हसवडहून एक माणूस आला. त्याचीही पोरगी घरी शिकते. निकालानंतरचे दिवस, जुना माल स्वस्त, हे त्यालाही कुणीतरी शिकवलेलं. पेनड्राइव्ह विकता का, म्हणाला. भाव चांगला दिला. जिचा वापर संपला ती चीज ठेवणारी मी नव्हे. दूध आटलेली शेळी मी दुसऱ्या बाजाराला दावणीत ठेवत नाही. पण माझ्या तोंडून निघालं, "शनवारी सांगते."

तो गेला आणि मला फोनचं कारण सापडलं.

"मास्तर, तुमचा पेनड्राइव्ह विकायला काढलाय. म्हसवडचं गिऱ्हाईक लागलंय."

"असं..." आवाज बारीक झाला. "विका की. तुमचाच आहे तो."

"पण माल तुमचा. पयला हक्क तुमचा. पायजे आसंल तर शनवारी आटपाडीच्या बाजारात या."

"फोनवर नाही का सांगता येणार भाव?"

"आमच्यात भाव तोंडानं हुत न्हाई."

मी फोन ठेवला. मग दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या.

शनिवारी बाजार भरला. धूळ, लेंड्यांचा वास, बें बें करणारी कोकरं. म्हसवडवाला सकाळीच येऊन माझ्या दावणीशी उभा. मी त्याला म्हणाले, चहा पिऊन ये. परत आला, म्हणाले, अजून एक पी. वाईहून यायचं म्हणजे साताऱ्यात गाडी बदलायची, पुन्हा इकडची रस्त्याची तऱ्हा. या वयाला माणूस येईल कशाला? मेंढरं खपत होती, बोटं हातात येत होती, जात होती. माझं लक्ष रस्त्याकडं.

उन्हं डोक्यावर आल्यावर मेंढरांच्या मधून एक पांढरा शर्ट येताना दिसला. पांढरा म्हणजे सकाळी असेल. चपलेला काय काय लागलेलं. एक बोकड त्यांची कापडी पिशवी ओढत होता आणि मास्तर त्याला म्हणत होते, "सोडा हो."

"बोकडाला आवंजावं करत न्हाईत, मास्तर."

"ओळख नाही ना अजून."

मी पदर तोंडाला लावला. धूळ फार होती.

म्हसवडवाल्यानं विचारलं, "हे कोण?"

"दुसरं गिऱ्हाईक," मी म्हणाले, आणि पदराखालून हात पुढं केला.

या वेळी मास्तरांनी चक्कर येते का विचारलं नाही. हात पदराखाली आला. त्यांनी माझं एकच बोट धरलं.

"एक?" मी हळू आवाजात म्हणाले. "म्हसवडचा माणूस तीन देतोय. शेकड्यात."

"शेकडा नाही."

"मग काय, हजार?"

"शनिवार," मास्तर म्हणाले. मान खाली, नजर लेंड्यांवर. "महिन्यातला एक शनिवार... मी येत जाईन. तुम्हाला चालत असेल तर. पेनड्राइव्ह तुमच्याकडेच राहू दे, म्हणजे मधल्या दिवसांत..."

आजूबाजूला बाजार चालला होता. बघणाऱ्याला नुसता पदर दिसत होता. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला कुणी साधी बाई लगेच हो म्हणाली असती. पण पहिला भाव घेणारा व्यापारी उपाशी मरतो. मी बोट सोडवून घेतलं, आणि त्यांचा अख्खा पंजा धरला.

त्यांनी मान वर केली. "पाच? अहो, महिन्यात शनिवार चारच असतात."

"एखाद्या महिन्यात पाच येत्यात. गणित शिकवतासा, आन एवढं ध्यानात न्हाई?"

ते गप्प उभे राहिले. मी घाई केली नाही. विचार करायला वेळ दिला.

"बरोबर," मास्तर म्हणाले. धरलेला पंजा कुणीच माघारी घेतला नाही.