हव जी, तेजराम

फागुन लागला होता. मोहाच्या फुलांचा वास आणि लोखंडाचा खणखणाट, दोन्ही एकाच वाऱ्यावर बसून भिलाईत उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्याच्या मजूर-कॅम्पात येत होते. त्यातच चक्कीच्या इंजिनाचा पट्टा तुटला, आणि वच्छलेला घरामागचं जुनं जातं झाडून दळायला बसावं लागलं. जातं भंडाऱ्याकडून आणलेलं, दोन बायांचं. ही एकटी. चार फेऱ्यांतच केस कपाळाला चिकटले.

"सरका जरा."

तिनं दचकून वर पाहिलं. शेजारच्या टिनाच्या खोलीत नुकताच आलेला तो रिगर... दोरखंडांनी लोखंडाचे खांब आभाळात चढवणारा. तेजराम. हातातली बादली ठेवून तो समोर बसलाही. खुंट्यावर तिच्या हाताच्या वर त्याचा हात आला. लागला नाही. मधे बोटभर जागा होती, आणि त्या बोटभर जागेतच वच्छलेचा सगळा जीव गोळा झाला.

दगड कसा लोण्यासारखा फिरायला लागला.

"अगं माय! पुरुषाले दळण येते?"

"हव जी."

"कोणं शिकवलं? मायनं का बायकोनं?" बायको म्हणताना तिनं मुद्दाम जात्यात पाहिलं.

"बायको अजून व्हाची हाय."

"मंग?"

"नागपूरले शिकलो."

"नागपुरात कुठं?"

त्याचा हात थांबला नाही. "जेलात."

वच्छलेच्या मुठीतला घास जात्याच्या तोंडाऐवजी बाहेर सांडला. तो एकेक दाणा वेचत सांगत राहिला. गावच्या तलावाचं पाणी, बांधावरचं भांडण, रागाच्या भरात चुलतभावाच्या डोक्यात घातलेली काठी. भाऊ वाचला. याला तीन वर्षं पडली.

भीती वाटली तिला. पण उठावंसंही वाटेना. म्हणून ती गाऊ लागली...

*वरचा दगड फिरतो बाई, खालचा बसे मुकाट,*
*मुक्यानंच त्या चुकविली गं बोलकीची वाट!*

त्याचा हात अडखळला. खुंटा डगमगला.

"काय झालं?"

"तिथं बोलाची बंदी होती जी. मुक्यानंच दळो. आवाज कानावर आला का हात चुकते."

"मंग मी रोज गाईन," वच्छला म्हणाली, आणि स्वतःच लाजून पीठ भरायला लागली.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. प्लांटात घण पडला की छातीत पडल्यासारखा वाटायचा. नळावर, वाटेवर, दोरीवर लुगडं वाळवताना डोळे त्यालाच शोधायचे. आणि पाहावं तर काय दिसायचं? फोरमन वाट्टेल ते बोलायचा, हा म्हणायचा, "हव जी." नळावर बाया याची बादली मागं सरकवायच्या, "हव जी." कोणी याची खाटही उचलून नेली. हा जमिनीवर झोपला.

"तुमाले राग येत नाई का?" एकदा तिनं वाट अडवून विचारलं.

"येते जी."

"मंग जाते कुठं?"

"सापडत नाई."

घरी तिच्या बाचं, दौलतरावचं, वेगळंच सुरू असायचं. तो प्लांटच्या फाटकावर चौकीदार. कामावरून सुटणाऱ्या माणसांची गाठोडी उघडून पाहायचा आणि जेवताना त्यांचे स्वभाव सांगायचा. कोणाचा तरी भाऊ जेलातून सुटल्याची गोष्ट निघाली, तर म्हणाला, "जेल माणसाले सुधरवत नाई. वरची कातडी मऊ करते, आतला काटा तसाच ठेवते."

"काही काही सुधरतेत जी," तिची माय, भीमाबाई, म्हणाली.

"एक नाव सांग."

मायजवळ नाव नव्हतं. वच्छलेजवळ होतं... पण ते ओठांवर आणायची हिंमत नव्हती. कारण तिलाच ठाऊक नव्हतं, तो सुधरला होता की नुसताच मोडला होता!

शेवटी तिनंच विचारलं. मोहाखाली. फुलं टपटप पडत होती.

"मी आवडते का तुमाले?"

"हव जी."

ती लाल झाली, पण लाजेनं नव्हे. "हे हव जी फोरमनले देता, नळावरच्या बायाईले देता, अन् तेच मले? मले कसं समजावं, हे माह्यं हाय म्हणून?"

तेजरामनं मान खाली घातली. "आधी कसा होतो, मलेच धड आठवत नाई. चांगला झालो का भेकड झालो... मी कोणाले विचारू?"

ती घाईघाईनं एवढंच म्हणाली, "आज सांजच्याले बाले भेटा. गाव सांगजा, काम सांगजा. मधली वर्षं विचारली, तर नागपूरच्या कापडाच्या गिरणीत होतो म्हणजा. एवढंच."

आणि ती नेहमीचं उत्तर ऐकायला थांबली.

"नाई."

"काय?"

"नाई म्हणलो."

"अहो, एक खोटं... माह्यासाठी!"

"अन् मंग जलमभर दारावर कोणी थाप मारली का भेत राहू?" त्याचा आवाज चढला. झाडावरचं पाखरू उडालं. "एकदा कोंडला गेलो, वच्छला. आता सोताच्या हातानं सोताले कोंडणार नाई!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं बिघडणार, हे दिसतच होतं. आणि तरी, या बाईचं करावं काय, आतून हसू फुटत होतं. राग सापडला होता त्याला. काठी मात्र कुठंच नव्हती.

दिवेलागणीला तो आला. सतरंजीवर बसला आणि काहीच न झाकता सगळं सांगून मोकळा झाला. काठी, भाऊ, जेल. मग म्हणाला, "वच्छला पसंत हाय मले."

दौलतरावनं बिडी विझवली. "ऊठ."

स्वयंपाकाच्या पडद्याआड वच्छलेनं डोळे मिटले. आता म्हणेल. आता 'हव जी' म्हणेल आणि उठून जाईल...

"नाई जी. जवाब घेऊन उठीन."

"अन् नाई देल्ला तर? किती वेळ बसशीन?"

"मले बसाची सवय हाय जी. तीन वर्षं बसलो."

भीमाबाईला असं हसू फुटलं, की पदराचा बोळा तोंडात धरावा लागला. दौलतरावच्या मिशा हलल्यासारख्या झाल्या. तेवढ्यात पडदा सरला. वच्छला बाहेर आली आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला मांडी घालून बसली.

"तू कावून बसली?"

"मलेबी सवय कराची हाय, बा."

बाहेर भोंगा झाला. दौलतरावची पाळी होती. त्यानं टोपी घातली, काठी घेतली. दारात पाठमोराच उभा राहिला.

"उद्या उजेडी येजो. चार माणसं घेऊन. असा चोरावा..." शब्द त्यानं अर्धाच गिळला. "असा एकटा नको येऊ."

आणि निघून गेला. तेजराम तसाच बसलेला.

"बा गेला," वच्छला कुजबुजली. "अन् हव जी म्हणाचं राहूनच गेलं नं तुमचं!"

त्यानं मान वर केली. पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"ते तुह्यासाठी ठेवलो."