सव्वा मूठ गहू

दिवे गेले तर गेले, बसा. कंदील आहे. वीज काही आता लवकर यायची नाही, आणि ही गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच होती. भुताची म्हणा हवं तर. पण तेव्हा तिच्यात मेलेलं माणूस एकही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार. मी धुळ्याकडे तलाठी होतो. घर इथंच अमळनेरला, बायको-मुलगा इथं आणि मी एकटा नोकरीच्या गावी हातानं भाकऱ्या जाळत. त्या वर्षी सरकारनं ओस पडत चाललेल्या गावांसाठी योजना काढली होती. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव बांधायचा, म्हणजे विहिरींना पाणी येईल, शेतं पिकतील आणि पोटामागं सुरतेला गेलेली माणसं परत येतील. कल्पना चांगलीच होती. अट एवढीच, की गावात निदान दहा घरी चूल पेटती हवी. नसेल तर गाव बेचिराग. बेचिराग म्हणजे जिथं दिवा लावायलाही कुणी उरलं नाही असं गाव, आमच्या दप्तरातला जुना शब्द. म्हणजे माणसं नाहीत म्हणून तलाव नाही, आणि तलाव नाही म्हणून माणसं नाहीत. आता बोला!

तहसीलदार म्हणाले, "सुकदेव, पिंपळदरे बघून या. तिथं कुणी राहत नाही म्हणतात. तसं असेल तर लिहून द्या, तलाव दुसऱ्या गावाला देऊन टाकू."

श्रावणातला शनिवार होता. सुरत रस्त्यावर एसटीतून उतरलो आणि आत चालत गेलो. पाऊस नुसता भुरभुरत होता. गावाची माती पांढरी, चिकट. चपलेला धरली की सुटायची नाही आणि वाळली की चुन्यासारखी व्हायची. वेशीतच एक म्हातारी ओट्यावर बसली होती. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. तिचं नाव झुंबरबाई. गाव सोडताना जो तो आपल्या घराची किल्ली तिच्या हातात देऊन गेला होता. तिचा स्वतःचा मुलगा हिलाल आणि सून भागाबाईसुद्धा सुरतेला. गावात ती एकटी.

"गाव रिकामं नही शे, आप्पा," तिनं मला बघताच सांगितलं. तलाठ्याला तिकडे आप्पाच म्हणतात. "लोके सुरतले गयेल शेतस, इतलंच."

मी हसलो. घरात कुणी राहतं की नाही, हे पाहायची माझी एक रीत होती. दाराला विचारायचं नाही, चुलीतल्या राखेला विचारायचं. राखेत हात घातला की कळतं. माणसं खोटं बोलतात, राख बोलत नाही. झुंबरबाईनं एकेक कुलूप काढलं आणि मी एकेका चुलीत हात घातला. सगळ्या गार. राखेत पावसाचं पाणी मुरून तिचे गोळे झाले होते. कोपऱ्यात जाती होती, वरच्या तळीपासून भिंतीपर्यंत कोळ्यांनी जाळी विणलेली. एका घरी खुंटीला लहान मुलाचं झबलं तसंच लटकत होतं. म्हातारीनं ते झटकलं आणि पुन्हा तिथंच अडकवलं. मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. पण माझ्या पिशवीतला कागद काय लिहायचा ते ठरल्यासारखंच होतं.

तिलाही ते कळलं असावं. शेवटचं कुलूप लावून ती म्हणाली, "उद्या कानबाई शे, आप्पा. उद्या बठ्ठा लोके येतीन, सगळं गाव. आजना दिन थांबा. सकायमा दखा, मंग काय लिखनं ते लिखा."

"आणि नाही आले तर?"

"मंग लिखी टाका. मी अंगठा दिसू."

परतीची गाडीही नव्हती. थांबलो.

आमच्या घरी कानबाई, ही श्रावणातली देवी, बसत नाही, पण खानदेशात राहून कानबाईचे रोट माहीत नाहीत असा माणूस नसेल. कुळात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे. ते दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. ते भाऊबंदांनीच खायचे, परक्याला घास द्यायचा नाही. दिवेलागणीला झुंबरबाई सूप घेऊन बसली. सगळं गाव एकाच कुळाचं. ती नाव घ्यायची, मूठ काढायची, वर चिमूटभर गहू टाकायची. "हाई अभिमननी. हाई वनानी. हाई मना हिलालनी." सुरतेत जन्मलेल्या पोरांचीसुद्धा नावं तिला पाठ होती. सुपातला ढीग वाढत गेला. एवढं पीठ खाणार कोण, हा प्रश्न मी तोंडातच ठेवला.

मग तिनं मान वर केली. "तुमनं नाव काय शे, आप्पा?"

"सुकदेव. कशाला?"

"आज रातले जो पुरुष गावमा निजस, त्यानी मूठ काढनी पडस." आणि माझ्या नावानं सव्वा मूठ गहू त्या ढिगात पडले. मी आपला गमतीत म्हणालो, "म्हणजे मीही आता तुमचा भाऊबंद."

"व्हयना ना," ती म्हणाली. ती मात्र हसली नाही.

तिनं ते गहू फडक्यात बांधले नाहीत की स्वतःच्या जात्यापाशीही ठेवले नाहीत. सूप घेऊन बाहेर गेली, घरोघरची कुलपं उघडल्याचे आणि लावल्याचे आवाज आले, आणि परतली तेव्हा सूप रिकामं होतं.

पहाटे जाग आली ती घरघरीनं.

जातं फिरल्याचा आवाज तुम्ही ऐकलाय? जड, गोल, झोप आणणारा. लहानपणी आई दळायची तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो. पहिल्यांदा तेच आठवलं आणि बरं वाटलं. मग ध्यानात आलं, की आवाज एका जात्याचा नाही. समोरून येतोय, शेजारून येतोय, आळीच्या पार टोकाकडूनही येतोय. आणि झुंबरबाई तर माझ्यासमोर, उंबऱ्यात, गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

मी कंदील घेऊन बाहेर पडलो. समोरच हिलालचं घर. म्हातारीनं ते त्याच्या लग्नात बांधून दिलेलं. त्याच्या ओट्यावर चढलो. दाराला बाहेरून कुलूप. आत जातं फिरत होतं. दाराच्या फटीतून ताज्या पिठाचा वास येत होता, गरम, किंचित गोडसर. बांगड्या वाजत होत्या. कुणीतरी पुरुष खाकरला... अगदी दारापलीकडे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण मी भित्रा नव्हतो हो. स्मशानाशेजारच्या खोलीत दोन वर्षं काढलेला माणूस मी.

"कोण आहे रे आत?" म्हणून ओरडणार, तेवढ्यात म्हातारीचा गार हात माझ्या तोंडावर आला.

"बोलू नका, आप्पा... जाग येई त्यास्ले."

"कुणाला?"

"तठे निजेल शेतस ना... सुरतले. जाग उनी का निंघी जातीन..." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "वरीसमा एकच डाव येतस. दळू द्या."

आम्ही दोघं त्या ओट्यावर उभे राहिलो. तिनं कुलपावर हळूच हात फिरवला, निजलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. भीती वाटत होती, आणि खरं सांगू, तिथून हलावंसंही वाटत नव्हतं. मला माझा मुलगा आठवला. महिना झाला होता त्याला बघून.

उजाडायला लागलं तशी जाती एकेक करून थांबली. पूर्ण उजाडल्यावर तिनं कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. चूल गार. जात्यावरचं जाळं काल होतं तसंच, एक धागा तुटलेला नव्हता. पण जात्याभोवती पांढऱ्याशुभ्र पिठाचा गोल पडला होता. मी जाळ्याखालून बोटं सरकवून दगडाला हात लावला. दगड गरम होता. दुसऱ्या घरात गेलो, तिसऱ्या घरात गेलो. सगळीकडे दगड गरम.

झुंबरबाईनं घराघरातलं पीठ गोळा केलं, रोट केले, नैवेद्य दाखवला आणि गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीबरोबर माझ्या पुढ्यात ठेवले. मी पोटभर जेवलो. मग पिशवीतला कागद काढला आणि लिहिलं: गाव वस्तीचं आहे. घरं चालती आहेत. खोटं लिहिलं असं मला आजही वाटत नाही. राखेला विचारायचं सोडून दगडाला विचारलं, एवढाच फरक.

तलाव मंजूर झाला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथं तीन वर्षं लागली. पण झाला, आणि पहिल्याच चांगल्या पावसात भरला. विहिरींना पाणी आलं आणि सुरतेहून माणसं खरोखरीच परतली. सगळी नाही, पण परतली. हिलाल आणि भागाबाईही आली. झुंबरबाईनं किल्ल्यांचा जुडगा सोडून ज्याची त्याला किल्ली दिली आणि दोन वर्षांनी मुलाच्या मांडीवर सुखानं गेली. मी तिच्या दहाव्याला गेलो होतो.

त्या दिवशी हिलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "आप्पा, त्या रातले तुम्ही आमना ओटावर उभा व्हतात. हातमा कंदील व्हता. मी दखं."

"तू तर सुरतेला होतास."

"सुरतलेच व्हतू. खोलीमा निजेल. दर कानबाईले असंच व्हये. सकायले उठूत ते बाईस्ना नखेस्मा पीठ, आनि आमना पायले हाई माती." त्यानं पाऊल उचलून दाखवलं. पांढरी, चुन्यासारखी.

सुट्टीला घरी येऊन अमळनेरच्या पलंगावर झोपलो तरी दर श्रावणात त्या एका सकाळी माझेही तळवे पांढरे व्हायचे. बायको चादर धुताना करवादायची, "पाय धुऊन निजत जा." मी फक्त भागाबाईला विचारलं, की माझी मूठ अजून काढता का गं?

"नही, आप्पा. तुमनी मूठ आम्ही काढतस नही," ती हळू आवाजात म्हणाली. मग कोपऱ्यातल्या घट्याकडे, म्हणजे जात्याकडे, बोट दाखवलं. "गहू टाकाले जास, ते तुमनी मूठ घट्यामा पयलेच पडेल ऱ्हास."

बरं वाटलं मला. भीतीही वाटली, पण जास्त बरं वाटलं. आपली कुणीतरी आठवण ठेवतंय, एवढंच ना.

आता गेल्या श्रावणातलं सांगतो आणि थांबतो. माझा हेमकांत पुण्याला नोकरीला आहे, तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहतो. दिवाळीला यायचं त्यानं सोडलंय. हे घर विकून पुण्याला चला, म्हणून माझ्यामागे लागलाय. पिंपळदऱ्याचं मी त्याला आजवर कधी काही सांगितलेलं नाही. आणि त्याचं नाव तिथं कधी कुणाला सांगितलेलं नाही.

कानबाईच्या सकाळी फोन वाजला. मी नुकताच उठून मोरीवर पाय धूत होतो.

"आप्पा..." पोराचा आवाज बारीक झाला होता. "माझ्या पायाला माती लागलीय. पांढरी. दाराला आतून कडी आहे, रात्रभर मी बाहेर गेलो नाही... आणि स्वप्नात एक म्हातारी होती. कमरेला किल्ल्या. ताट वाढून बसली होती. म्हणाली, उशीर व्हयना रे, हेमकांत. तुना बाप कवयना ई बसना. आप्पा, तुम्ही तिथं केव्हाचे येऊन बसला होतात?"

मी मागं वळून पाहिलं. मोरीवर माझे पाय धुतलेलं पाणी अजून पांढरंच वाहत होतं.