चार कप साखर

शरदातला हिगान, म्हणजे पितरांचा सण, जवळ आला, की फुमिए अजूनही दोन पातेल्यांत पुरण शिजवते. सुना हसतात. हसू देत.

त्या वर्षी ती चोवीसची होती. वसंतात आई गेली आणि मात्सुएतलं मिठाईचं दुकान तिच्या गळ्यात पडलं. हिगानला पितरांपुढे ओहागी ठेवायचे, म्हणजे यंदा आईपुढेच. महिनाभर आधी तिने करून पाहिले. पुरणात गुंडाळलेले तेच भाताचे गोळे, माप आईच्याच वहीतलं – अझुकीचे लाल दाणे सहाशे ग्रॅम, साखर चार कप. बाबांनी एक घास खाल्ला आणि ताटली सरकवली.

"छान आहेत. पण तिचे नाहीत."

फुमिएने वही पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी दुकानातला काटा तपासायला कुरामोतो नावाचा तरुण आला. ओली छत्री दाराशी, हातात पितळी वजनांची पेटी. काटा तपासून झाला, तसा त्याने समोरचा ओहागी तोंडात टाकला.

"गोड झालाय."

"तुम्ही काटा तपासायला आलात ना?"

"काटा बरोबर आहे. साखर चुकलीय." मग त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... कपाने मोजलीत ना? गुरुवारी येतो. वजन करून बघू."

आला. काचेच्या कपात साखर चाळून भरली, दाबून भरली, प्रत्येक वेळी तोलली.

"आई दाबून भरायच्या का?"

"आई फक्त बाबांना दाबात ठेवायची."

तो इतका मोकळा हसला, की फुमिएला उगाचच काटा पुसावासा वाटला.

तो गेल्यावर ती तांदूळ काढायला बसली आणि हातातल्या मापाकडे बघतच राहिली. काचेचा कप तर तिनेच शाळेत असताना आणलेला. आईने तो कधी हातात धरला नव्हता. आईचा कप एकच, तांदळाच्या डब्यातला. तो लहान होता!

त्या मापाचे ओहागी बाबांनी तीन खाल्ले आणि आईच्या फोटोपाशी जाऊन बसले. फुमिएला आनंदाने रडू आलं. आणि मग लक्षात आलं... हे सांगितलं, तर पुढच्या गुरुवारी तो कशाला येईल?

त्यानंतर दर गुरुवारी त्याला काचेच्या कपाचेच मिळाले.

हिगानच्या आदल्या दिवशी मात्र ती गाफील राहिली. त्याच्यादेखतच तिने साखरेसाठी तांदळाच्या डब्यातलं माप काढलं. कुरामोतोने ते माप घेतलं, साखरेने भरलं, तोललं.

"एकशे सतरा ग्रॅम. काचेचा एकशे तीस." त्याचा चेहरा उजळला, मग उतरला. "सापडलं. म्हणजे... माझं काम झालं."

तो एकेक वजन पेटीत ठेवू लागला, फारच सावकाश.

आतून बाबा आले. "कुरामोतोसान, मला तीन आठवडे बरोबरचेच मिळताहेत. तुम्हालाच गोड का वाढते, ते तिला विचारा की." आणि पेपर उचलून आत गेले.

बाहेर भुरभुर चालू होती.

"विचारू?"

"नका."

"मग मीच सांगतो. मला गोड आवडतच नाही."

"अहो, दर गुरुवारी सहा-सहा खाल्लेत!"

"तुम्ही वाढत होतात ना..."

फुमिएने पेटीतलं एक वजन उचललं आणि परत काट्यावर ठेवलं.

तेव्हापासून दोन पातेली. एक आईच्या मापाचं, सगळ्यांसाठी. दुसरं छोटं, काचेच्या कपाचं, एकट्या कुरामोतोसाठी. "गोड झालाय," तो दरवर्षी म्हणतो, आणि ताटली पुढे करतो.