शब्दाचा उरलेला अर्धा

वालेंती आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचं बोलणं जिभेवरच अडकून बसलं. पोलंडच्या ईशान्येला, एका तळ्याकाठच्या त्यांच्या घरी वाचा-उपचार करणारी हाल्श्का त्यांना बोलायला शिकवायला जायची. नोव्हेंबरातल्या त्या दिवशीही ती नेहमीसारखीच दुपारी पोचली. उजेड एवढ्यातच मावळू लागला होता. स्वयंपाकघरात खसखशीच्या केकचा वास होता आणि आजोबांची थोरली बहीण गेनोवेफा शेगडीपाशी विणत बसली होती.

हाल्श्काची रीत साधी. लांबलचक विशेषण घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला टेबलावर बोटाने ठोका द्यायचा. त्यांच्या भाषेत माणसाचं वयसुद्धा असंच एक विशेषण असतं. आधी दशक, मग एकक, शेवटी वर्षं, सगळं एकमेकांना चिकटलेलं. आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे, म्हणून तिने त्यांना त्यांचंच वय दिलं.

"शे-देम-ज्ये-शें-च्यो..." आजोबांनी डाव्या हाताने ठोके दिले. सत्तर झाले. तिथेच ते थांबले आणि खिडकीकडे बघत राहिले.

"शेद्-म्यो-लेत्-नी," खिडकीतून आलं. बारीक, स्वच्छ आवाज. प्रत्येक तुकड्याला काचेवर ठोका.

हाल्श्काने पडदा सारला. बाहेर कोणी नव्हतं. तळ्यावरून ओल्या लव्हाळ्याचा वास येत होता. मग तिच्या लक्षात आलं, की तो उरलेला अर्धा एकटाही पुरा शब्द होता... सात वर्षांचा.

गेनोवेफाच्या सुया थांबल्या होत्या. हळू आवाजात तिने सांगितलं, की वालेंतीला जुळा भाऊ होता, इग्नात्सी, लाडाने इग्नाश. एकाने बोलायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने संपवायचं, अशी दोघांची सवय. दोघं सात वर्षांचे असताना तळ्यावरचा बर्फ फुटला. वालेंतीच्या हातातून त्याचा हात सुटला.

हाल्श्काने काचेकडे पुन्हा एकदा पाहिलं. पण आजोबांचं बोलणं तिला असं अर्ध्यावर सोडवेना. ती त्यांच्याजवळ वाकली.

"आजोबा, पूर्ण तुम्हीच म्हणायचं. दुसऱ्याला द्यायचं नाही."

त्यांनी नको नको अशी मान हलवली. डोळे भरून आले. मग त्यांनी खोल श्वास घेतला.

"शेद्-म्यो-लेत्-नी."

मागचाच अर्धा. कुठेही न अडखळता, लहान मुलाच्या आवाजात. आणि ठोके देत होता तो उजवा, लुळा हात.

बाहेर काचेपलीकडे कोणीतरी धापा टाकत होतं. "शे... देम... ज्ये... शें... च्यो..." जड, घोगरा, म्हाताऱ्याचा आवाज. सत्तरपाशी येऊन तो अडला. थांबला. कोणीतरी पुढचं म्हणेल म्हणून वाट बघितल्यासारखा.

खुर्चीतल्या माणसाने ते ऐकलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"आजोबा...?" हाल्श्का पुटपुटली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "गेन्या, भूक लागली," ते स्पष्ट म्हणाले.

गेनोवेफा उठली. खिडकीकडे न बघता तिने पडदा ओढून घेतला. केकचा तुकडा कापून त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"सावकाश खा, इग्नाश," ती म्हणाली.

पडद्यामागे तो शब्द पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता.