चंद्रावरचा विस्तव

“विस्तव झाकलास का रे, इश्राम?”

ही आबांच्या आईची हाक. घाटमाथ्यावरच्या कोंडवाडीत ती रोज दिवेलागणीला ऐकू यायची. पुढे आई गेली, चूल गेली, छोट्या विश्रामचे म्हातारे आबा झाले आणि दगडमातीचा अभ्यास करायला चंद्रावर येऊन राहिले. हाक मात्र सोबत आली. काम करता करता आबा थांबत आणि आईची ओवी गुणगुणत:

दिस मावळला बाई, विस्तव झाकीते,
राखेच्या कुशीत मी पहाट राखीते.

आज मात्र आबांची ओवी अर्ध्यावरच अडली होती. समोर कोडं होतं.

चंद्रावर सूर्य उगवला की जवळजवळ दोन आठवडे मावळत नाही, आणि मावळला की तेवढेच दिवस उगवत नाही. त्या लांबलचक रात्री अशी थंडी पडते की पृथ्वीवरची बर्फाळ टोकंही तिच्यापुढे उबदार वाटावीत. आबांच्या घराला मुख्य वसाहतीतून एक लांब तार यायची, तिच्यातली वीज रात्रभर घर तापवायची. आता वसाहतीत नवा दवाखाना झाला होता आणि ती वीज तिकडे हवी होती.

वसाहतीच्या प्रमुख कुलसुमबाई मुकादम. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “तारेशिवाय एक रात्र काढून दाखवा, विश्रामकाका. घर तुमचं. नाही जमलं, तर कुलूप.”

घराला कुलूप म्हणजे काय, ते आबांच्या नातीला, पालवीला ठाऊक होतं. आबांना वसाहतीत एकट्यापुरती खोली मिळाली असती. पालवी आणि तिची आई रेवती यांना पृथ्वीवर परतावं लागलं असतं. आबांना सोबत जाता येणार नव्हतं. इतकी वर्षं हलक्या चंद्रावर राहून त्यांची हाडं नाजूक झाली होती, पृथ्वीचा भार त्यांना पेलला नसता.

“बाबा, आम्ही गेलो तर तुम्हाला चालेल?” रेवतीने मागे एकदा विचारलं होतं.

“तुमची मर्जी,” आबा म्हणाले होते, आणि चष्मा पुसत बसले होते.

चंद्रावरच्या मागच्या लांब रात्री एकदा प्रयत्न करून झाला होता. आबांनी दिवसभर मोठ्या अंतर्वक्र आरशाने (मधोमध खोलगट, ऊन एका जागी गोळा करणाऱ्या आरशाने) घरामागच्या मातीवर ऊन ओतलं. माती तापेल, रात्री तिच्यातली ऊब नळ्यांनी घरात घेऊ, असा बेत होता. रात्र निम्मी सरायच्या आत घर गारठलं आणि तार पुन्हा जोडावी लागली. आता शेवटची संधी होती.

“खंडू, मातीत सळई घाल बघू,” आबा म्हणाले.

खंडू हा घरचा यंत्रमानव. तो सांगाल ते करी आणि मोजकंच बोले. त्याने तापमापकाची सळई खुपसली. “वर भाजेल इतकं ऊन. कोपरभर खाली थंडगार.”

“एवढं ऊन ओतलं, मातीने घोटभरही प्यायलं नाही,” आबा पुटपुटले. “उगाच हट्टी आहे.”

“माती हट्टी असल्याची नोंद माझ्याकडे नाही,” खंडू म्हणाला.

“बॅटऱ्या वाढवल्या तर?” पालवीने विचारलं.

“दिवे आणि हवेचे पंखे बॅटरीवर आरामात चालतात गं. पण घर तापवणं म्हणजे खादाड पाहुणा. साठवलेली सगळी वीज तोच फस्त करतो. आपल्याला ऊब हवी, तर ऊबच साठवायला हवी. पण ठेवायची कशात?”

आबा परत गुणगुणू लागले. पालवीने चूल कधी पाहिलीच नव्हती. तिने विचारलं, “आबा, पणजीआजी विस्तव का झाकायची?”

“काडेपेटी जपून वापरायचे दिवस होते ते. रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायचा. सकाळी राख सारली, फुंकर घातली, की निखारा परत लाल.”

“राख तापायची नाही?”

“वरून हात लावला तर गार. राखेचे कण सुटे सुटे असतात. या कणाची ऊब त्या कणाला सहजी पोचत नाही. म्हणून आतली ऊब आतच राहते.”

पालवी खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर करडी, मऊ, सुटी माती होती. पीठ चाळून पसरावं तशी.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “आपण राखेलाच निखारा समजतोय.”

आबांनी चष्मा काढला. मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“अगं, हीच तर राख. आणि राखेहूनही सरस. चुलीतल्या राखेच्या कणांमध्ये थोडी हवा तरी असते. इथे तीही नाही, सगळं निर्वात (हवा नसलेलं). ऊब जायला वाटच नाही. म्हणजे माती उष्णतारोधक (ऊब अडवून धरणारी) आहे. मी तिला भांडं करत होतो, ती तर गोधडी निघाली.”

“मग निखारा कुठून आणायचा?”

“ही मातीच वितळवू. थिजली की सलग काळा दगड होईल, आपल्या सह्याद्रीच्या दगडाचा सख्खा भाऊ. त्यात कणाला कण चिकटलेला, म्हणून ऊब पार आतपर्यंत शिरते.”

मग काय, नव्या दिवसाचं ऊन कामाला लागलं. आरशाखाली माती वितळली, थिजली, दगडाच्या लाद्या झाल्या. खंडूने त्या रचल्या, मधून तेलाच्या नळ्या फिरवल्या, वर मातीचा भलामोठा ढीग केला. ऊन आत जायला एक तोंड तेवढं उघडं ठेवलं. आतले दगड लालबुंद झाले. सूर्य टेकताच पालवीने खंडूकडून ते तोंड बुजवून घेतलं. कुलसुमबाईंनी तार बंद केली.

रात्र सुरू झाली. नळ्यांमधलं तेल दगडांजवळून फिरून येई आणि घरभर ऊब सांडून जाई. रेवतीने आमटी उकळली. आबा पायमोजे काढून बसले. काही दिवस असेच मजेत गेले.

मग एकदा बोलताना पालवीच्या तोंडातून वाफ आली. सगळ्यांनी ती पाहिली.

“दगड ठरल्यापेक्षा लवकर निवताहेत,” खंडू म्हणाला. त्याच्या डोळ्यांना ऊब उजेडासारखी दिसे. “ढिगातून एक उजळ काठी बाहेर आलेली दिसते.”

“काठी कुठली आलीय?” आबा म्हणाले.

रेवतीने आमटीची पळी धरायला हात घातला. पळी भांड्यातच राहिली होती, आणि दांडा चटका बसेल इतका तापला होता. ती दांड्याकडे बघत राहिली.

“आरशाचा पाय,” ती म्हणाली. “बाबा, आरशाचा लोखंडी पाय ढिगातच राहिलाय. आमटीतल्या पळीसारखा.”

“उष्णतावहन,” आबा म्हणाले. “कणाने शेजारच्या कणाला ऊब देणं. आणि त्या बाबतीत लोखंड मोठं उदार.”

मायलेकी अंतराळपोशाख चढवून बाहेर पडल्या. डोक्यावर भरलेली निळी पृथ्वी होती, तिच्या उजेडात माती दुधासारखी दिसत होती. खंडूने पाय उपसून काढला. पालवी आणि रेवतीने दोन्ही हातांनी माती लोटली, वर अजून लोटली, लहान बाळाला पांघरूण घालावं तशी.

दोघी आत आल्या, तेव्हा आबा दारातच उभे होते.

“विस्तव झाकलात का गं?”

“झाकला, आबा,” पालवी म्हणाली.

वाफ दिसेनाशी झाली. घराने पुढची सगळी रात्र तारेशिवाय काढली. डोंगराच्या कड्यावर उन्हाची पहिली रेघ उमटली, तेव्हा खंडूने ढिगात सळई घातली. “आत अजून ऊब शिल्लक आहे. उरली आहे.”

“उरली,” पालवीने तेवढंच परत म्हटलं आणि खंडूभोवती फेर धरला. खंडूही फिरला, कारण तिने त्याचा हात सोडला नव्हता.

कुलसुमबाई आल्या. त्यांनी हातमोजे काढले, मग वरचं जाकीटही काढलं आणि चहाचा घोट घेतला.

“विश्रामकाका, मी तपासायला नाही, मागायला आलेय. असे ढीग आम्हाला प्रत्येक घरामागे हवेत. दवाखान्यामागे सगळ्यांत मोठा. शिकवाल?”

“तिला विचारा,” आबांनी पालवीकडे बोट केलं.

“शिकवते,” पालवी म्हणाली. “आधी राख कोणती आणि निखारा कोणता, ते ओळखायचं.”

कुलसुमबाई हसल्या. जाताना दारात थांबल्या. “परतीच्या यानात तुमच्या दोघींच्या जागा अजून राखून ठेवल्यात, रेवती. काय करू?”

रेवतीने वडिलांकडे पाहिलं. आबांनी चष्मा पुसायला घेतला. पुसून झाला, परत पुसला. मग तो त्यांनी बाजूला ठेवला.

“जाऊ नका गं,” आबा म्हणाले. “मला तुमच्यावाचून करमत नाही.”