दोन बोटं वर टांगलेली बादली

“आठ कोंबड्या, आणि चार दिवसांत एक अंडं नाही! म्हाताऱ्या झाल्यात सगळ्या. रविवारी कोंबडीवाला येतोय, देऊन टाकतो!” शिलाई मशीनचं चाक थांबवून मामांनी जाहीर केलं.

भिंगरीच्या हातातली बटणांची डबीच खाली पडली. सुट्टीला आल्यापासून तिचा मुक्काम परसात असायचा. पिटुकली नावाची बुटकी कोंबडी तर रोज तिच्या मांडीवर येऊन बसायची. आणि आज शुक्रवार! म्हणजे मध्ये एकच दिवस!

“मामा, गेल्या आठवड्यात रोज सहा अंडी मिळत होती. चार दिवसांत कुणी म्हातारं होतं का?”

“अगं, नवी बादली लावली, स्वच्छ पाणी दिलं. आता काय पंखा लावू त्यांना?”

या नव्या बादलीचं मामांना भारी कौतुक! पूर्वी परसात पाण्याचं घमेलं असायचं. कोंबड्या त्यात पाय घालायच्या, माती उडवायच्या, नको ते करायच्या. दिवसातून चारदा ते घासून मामी मेटाकुटीला आली होती. म्हणून सोमवारी मामांनी झाकणाची बादली आणली. तिच्या बुडाला चार लाल निपल होते. चोचीनं टोचलं की थेंब थेंब पाणी येणार, घाणीचं नाव नाही! आपली शिंपीकामाची टेप लावून, नीट मोजूनमापून त्यांनी ती तारेनं टांगली होती. ‘पंचवीस वर्षांत माझं एकही काम दुरुस्तीला परत आलं नाही,’ हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

परसात लगेच तिघांची बैठक बसली. भिंगरी, तिचा मोठा भाऊ दादा आणि मामांचा मुलगा बारक्या. बारक्या नावापुरताच बारक्या होता. बैठकीलासुद्धा तो खिसाभर शेंगदाणे घेऊन आला होता.

“बादली अजून जवळजवळ भरलेलीच आहे,” तो म्हणाला. “बाबा म्हणतात, बघ, पाण्याची केवढी बचत!”

दादा ताडकन उठला. “एवढ्या उन्हात आठ कोंबड्या चार दिवस पाणी पितायत आणि बादली भरलेलीच? ही कसली बचत? यात काहीतरी घोटाळा आहे!”

वाळत घातलेल्या चादरीआड तिघं दबा धरून बसले. थोड्या वेळानं हवालदार आला. हवालदार म्हणजे कोंबडा. त्यानं ऐटीत मान ताणली, निपल टोचलं, तो पाणी प्यायला आणि निघून गेला. मग पिटुकली आली. तिनं मान ताणली. टाचा उंचावल्या. उडी मारली आणि धपकन पडली! शेवटी बिचारी कपडे धुवायच्या दगडाशी गेली आणि तिथली ओल टोचू लागली. दुसऱ्या कोंबड्याही तिथेच घोटाळत होत्या.

भिंगरीला रडूच आलं. “अरे, त्यांची चोचच पोचत नाहीये! चार दिवस तहानलेल्या आहेत रे या!”

आधी तिनं वाडगाभर पाणी आणून ठेवलं. कोंबड्या तुटून पडल्या. मग बारक्यानं खुंटीवरची टेप पळवली. मामांच्या टेपला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती, पण मामा जेवून घोरत होते.

“हलू नकोस गं! छाती फुगवलीस तर माप चुकेल!” दादा कोंबडीला दटावत होता.

“गळ्याचं घेऊ का कमरेचं?” बारक्यानं विचारलं.

“चोचीपर्यंतचं घे, शहाण्या!”

मापं झाली. सगळ्या कोंबड्या कमी पडत होत्या. पोचत होता तो फक्त हवालदार, आणि तोही मान ताणून! भिंगरीनं आपल्या नव्या फ्रॉकच्या बाह्यांकडे पाहिलं. त्या बोटांपर्यंत आल्या होत्या. ती एकदम ओरडली, “कळलं! मामा सगळ्यांनाच वाढत्या अंगाचं शिवतात! माप घेतलं हवालदाराचं आणि वर सोडली दोन बोटं जास्त!”

“पण कोंबड्या कुठे वाढणारेत आता?” बारक्या म्हणाला.

मामा उठल्यावर दादानं सांगून पाहिलं. “मला माप शिकवता? पळा!” एवढंच उत्तर मिळालं.

पण हार मानते ती भिंगरी कसली! तिघांनी प्रत्येक निपलखाली एकेक वीट मांडली. भिंगरीनं बोटानं निपल दाबलं. थेंब चमकला. पिटुकली विटेवर चढली, तिनं थेंबाकडे टक लावून पाहिलं आणि टोच! टोच, टोच, टोच! संध्याकाळपर्यंत आठही जणी शिकल्या.

रविवारी सकाळी कोंबडीवाला टोपल्या घेऊन फाटकाशी उभा राहिला. मामा परसात आले, बादलीत डोकावले आणि ओरडले, “अरे, बादली गळतेय! पाणी पार तळाला गेलं!”

“खालची माती बघा, मामा,” भिंगरी म्हणाली. “कोरडी आहे. गळलं नाही, पोटात गेलं.”

मामा उकिडवे बसले. समोर चार विटांवर चार कोंबड्या टोचून टोचून पाणी पीत होत्या आणि मागे चारजणी थांबल्या होत्या. भिंगरीनं मामांच्या हाती कागद दिला. ‘गिऱ्हाईक: पिटुकली. तक्रार: माप दोन बोटं जास्त झालं आहे. दुरुस्त करून मिळावं.’

कोंबडीवाला खो खो हसला. मामांनी मात्र कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “मुक्या जिवांना तहानलेलं ठेवलं मी. आणि वर त्यांनाच म्हातारं ठरवलं.” ते कोंबडीवाल्याकडे वळले. “आज काही मिळायचं नाही, राव!”

त्यांनी स्वतः तार सोडली आणि भिंगरीच्या मापानं बादली खाली घेतली. पिटुकलीसाठी तेवढी एक वीट राहिली.

पंधरा दिवसांनी खुराड्यात अंडी दिसू लागली. त्यात एक इवलंसं, पिटुकलीचं! मामीनं तिघांना जवळ घेतलं. मामांनी गळ्यातली टेप काढून भिंगरीच्या गळ्यात घातली आणि लेकाला घेऊन गणवेश शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “पंचवीस वर्षांत माझं एकच काम दुरुस्तीला परत आलं. आणि ते कुणी आणलं माहितेय? माझ्या भाचीनं! या बाळाचं माप तीच घेईल!”